अर्ध्या बोटाची ढील

गाडी सुरू होत नसली की गिऱ्हाईक दहा मिनिटांत फोन करतं. गाडी थांबत नसली की आठ दिवसांनी येतं, आणि वर सांगतं, "तसा लागते जी ब्रेक, फक्त दोनदा दाबावा लागते." चाळीस वर्षं मी हे वाक्य ऐकलं. वकिलांकडून ऐकलं, शेतकऱ्यांकडून ऐकलं, एकदा तर वाहतुकीच्या नियमांवर शाळाशाळांतून भाषणं देणाऱ्या एका गृहस्थांकडूनही ऐकलं. दोनदा दाबायला वेळ मिळेल असं प्रत्येकाला वाटतं.

नंदनवन वस्तीत माझं ब्रेकदुरुस्तीचं पत्र्याचं शेड होतं. आता ते बंद आहे. गुडघे गेले, आणि गुडघे गेलेल्या माणसाला गाडीखाली शिरता येतं, पण बाहेर निघता येत नाही. या अंकाचे संपादक माझे जुने गिऱ्हाईक. "सुखदेवराव, तुमच्या कामाबद्दल लिहा," ते म्हणाले. मी म्हटलं, ब्रेकवाल्याचं काय लिहायचं? इंजिनवाल्याचं नाव होतं. त्यानं गाडी बांधली की ती गुरगुरते, लोक बॉनेट उघडून बघतात. ब्रेक नीट लागला म्हणून आजपर्यंत कोणी पेढे वाटलेले नाहीत. आमचं काम नीट झालं की काहीच घडत नाही. काहीच न घडवणं हाच आमचा धंदा.

तरी मला त्याचा अभिमान आहे. खोटं कशाला बोलू? माझ्या हातून किती जीपा गेल्या त्याचा हिशेब नाही, पण जंगलाच्या रस्त्यावर, नाल्याच्या उतारावर त्या थांबायच्या, आणि थांबायच्या तेव्हा त्यांच्या आत माझा हात असायचा.

आधी ब्रेक म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. इंजेक्शनच्या दोन सिरिंजा घ्या. दोघींमध्ये तेल भरा आणि एका नळीनं त्या जोडा. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा बाहेर येतो. ब्रेकचं एवढंच आहे. पायाखाली एक मोठी सिरिंज, तिला आम्ही मास्टर सिलिंडर म्हणतो. चार चाकांत चार लहान सिरिंजा. पेडल दाबलं की चाकातले दट्टे बाहेर येतात, लायनरच्या पट्ट्या चाकाच्या गोल डब्याला, म्हणजे ड्रमला, घासतात आणि चाक थांबतं. पाय काढला की तेल मागे येतं आणि चाक मोकळं होतं. नव्या गाड्यांत तेलाला दोन वाटा असतात, एक बंद पडली तर दुसरी असते. जुन्या जीपमध्ये वाट एकच. ती गेली की चारही चाकं एकदम गेली.

आता या तेलाचा स्वभाव वाईट. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी चालवा नाहीतर उभी ठेवा, वर्ष-दोन वर्षांत त्यात पाणी शिरतंच. आणि पाणी तापलं की वाफ होते. तेल दाबलं तर दाब पुढे जातो. वाफ दाबली तर ती नुसती आक्रसते, आणि पाय जमिनीपर्यंत जातो.

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो त्या उस्तादांनी मला हे शिकवलं, पण ते मनात पक्कं बसवलं रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांनी. त्यांच्याकडे एक जुनी जीप होती. वर्षभर कापडाखाली झाकलेली, आंघोळ घातल्यासारखी स्वच्छ. दर हिवाळ्यात एकदा ते ती माझ्याकडे आणायचे आणि स्वतः बाजूला स्टूल टाकून बसायचे. एकदा मी चाक फिरवत होतो तर त्यांनी खिशातून स्टेथोस्कोप काढला आणि ड्रमला लावला.

"काय ऐकू येतंय, डॉक्टरसाहेब?" मी विचारलं.

"दमा आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

मी चाकातलं सिलिंडर उघडलं. आतून गंजलं होतं. डॉक्टरांचा चेहरा पडला. "अहो, पण मी ही चालवतच नाही!"

"म्हणूनच तर," मी म्हटलं. "उभ्या गाडीत पाणी एकाच जागी बसून राहते. रबर सुकते. म्हातारी गाडी झोपवून ठेवली की जास्त बिघडते."

"माणसासारखंच आहे म्हणजे," ते म्हणाले. आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. "आमच्यात एक नियम आहे, सुखदेव. रोग्याला हात लावायच्या आधी त्याला बोलू द्यायचं. अर्धा रोग तो स्वतःच सांगतो. आपण ऐकत नाही, ही गोष्ट वेगळी."

मी हसून मान डोलावली. मला वाटलं, गाडी थोडीच बोलते!

आता जे सांगायला बसलो ते सांगतो.

आठ-नऊ वर्षं झाली असतील. पारशिवनीच्या पुढे जंगलाचं एक गेट आहे. तिथे तेव्हा पर्यटकांना फिरवायला जुन्या उघड्या जीपा चालायच्या. तीसेक गाड्या होत्या आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्यांचे ब्रेक माझ्याकडे. हंगाम सुरू व्हायच्या आधी त्या रांगेनं नंदनवनात यायच्या, आणि मी प्रत्येकीला एक चिठ्ठी द्यायचो : 'ब्रेक तपासला, ठीक आहे', खाली माझी सही. कायद्यानं त्या चिठ्ठीला काही किंमत नव्हती. पण गेटवरचे गाडीवाले ती काचेच्या कोपऱ्यात लावायचे आणि एकमेकांना दाखवायचे. मला त्याची मस्ती होती, हे कबूल करतो.

त्या गाडीवाल्यांत एकच बाई होती, वनिता. पस्तिशीची, ठेंगणी, आवाजानं मोठी. पारशिवनीजवळच्या खेड्यातली. वडील ट्रॅक्टर चालवायचे, त्यांच्याकडून ती चालवायला शिकली. एका निवृत्त माणसाची वीस-बावीस वर्षांची जीप तिनं घेतली, स्वतः हिरवा रंग मारला आणि गेटवर फेऱ्यांच्या रांगेत नंबर लावला. बाकीचे गाडीवाले तोंडावर काही बोलत नसत. मागे मात्र, ती गिअर टाकताना काय आवाज होतो यावर त्यांचे विनोद चालत.

त्या वर्षी हंगामाच्या तोंडावर ती गाडी घेऊन आली.

"काका, पेडल लई खाली जाऊन राहिलं. माहे पाय लहान. मले पेडल वरतंच पाहिजे, एकदम टाइट."

माझ्यापुढे त्या दिवशी आठ गाड्या उभ्या होत्या. पेडल खाली जातं तेव्हा चारही चाकं उचलायची, ड्रम काढायचे, लायनर ड्रमच्या जवळ आणायचे, तेल पूर्ण बदलायचं. अर्धा दिवस लागतो. पण एक आडवाटही असते. पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्या मध्ये एक दांडी असते. ती दोन आटे लांब केली की पेडल लगेच वर येतं. पाच मिनिटांचं काम.

त्या दांडीत थोडी ढील ठेवावी लागते. पेडल दाबताना पहिलं अर्धं बोट काहीच व्हायला नको, दट्ट्याला दांडी लागायलाच नको. कारण मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं, सुईच्या टोकाएवढं. पाय काढल्यावर चाकाकडचं जास्तीचं तेल त्याच भोकातून वरच्या तेलाच्या डबीत परत जातं. ढील राहिली नाही तर दट्ट्या त्या भोकावर बसून राहतो. उस्तादांनी मला पहिल्या महिन्यात शिकवलेली ही गोष्ट. "अर्धी उंगली छोड," ते म्हणायचे, "नहीं तो ब्रेक छोड़ेगा नहीं."

मी दांडी लांब केली. तेल काळपट दिसत होतं, ते बदललं नाही, वरून थोडं भरलं. नंदनवनातल्या सपाट रस्त्यावर एक चक्कर मारली, ब्रेक दाबला, जीप जागच्या जागी थांबली. वनिता खूश झाली. मी चिठ्ठी लिहून दिली.

एप्रिलमध्ये, सकाळी अकराच्या सुमारास तिचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"काका, ब्रेक फेल झाला. गाडी ठोकली मी."

पुण्याहून आलेलं पाच जणांचं कुटुंब तिच्या गाडीत होतं. तीन तास फिरून झाले होते. एका नाल्याच्या वर सागाच्या झाडावर घुबड दिसलं म्हणून ती दहा मिनिटं थांबली. मग उतारावर गाडी सोडली, आणि पेडल थेट तळाला गेलं. एकदा, दोनदा, तीनदा. खाली नाल्यात दगड, आणि पलीकडून दुसरी जीप उतरत होती. वनितानं हँडब्रेक ओढला, तो अशा उतारावर पुरेसा नसतोच. तिनं गिअर खाली टाकला, मग आणखी खाली, आणि गाडी डावीकडच्या मातीच्या दरडीला बाजूनं घासत घासत नेली. दरडीनं गाडी धरली. समोरचा बंपर वाकला. त्या कुटुंबातल्या आजीचं मनगट मोडलं. बाकीच्यांना खरचटलं. पुढे दोन हातांवर दगड होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो. गेटजवळ चिंचेखाली जीप आणून ठेवली होती. आजूबाजूला दहा-बारा गाडीवाले, आणि त्यांचे अध्यक्ष सदाशिवजी. वयस्क, पांढरी टोपी, कमी बोलणारे. गेटवर त्यांचा शब्द चालायचा.

मी जीपमध्ये बसलो आणि पेडल दाबलं. उंच, कडक, एकदम पक्कं. दहादा दाबलं. हललं नाही. खाली वाकून बघितलं : नळ्या कोरड्या, एक थेंब गळती नाही. जीप दहा-वीस हात पुढे नेली, दाबला, थांबली.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला हात जड होतो. मला बरं वाटलं. आजीचं मनगट मोडलं होतं, एक बाई माणसांसमोर चोरासारखी उभी होती, आणि मला वाटलं, सुटलो, माझा ब्रेक चांगला आहे.

"काका," वनिता जवळ येऊन म्हणाली, "काल सकाळपासूनच गाडी जड चालून राहिली होती. उतारावर सोडली तरी पळत नव्हती. मी गेटवर सांगतलं पण…"

"थांब वं, मले पाहू दे," मी म्हणालो. आणि तिच्याकडे बघितलंही नाही.

मागून एक गाडीवाला हसला. "जड चालून राहिली म्हणते. हँडब्रेक ओढून चालवली असन दिवसभर."

सदाशिवजींनी विचारलं, "मिस्त्री, ब्रेक कसा आहे?"

"ब्रेक ठीक आहे."

"मग लिहून द्या. उद्या दहा वाजता बैठक आहे. वनिताबाईले गेटवर ठेवायचं का नाही, ते ठरवाचं आहे."

मी लिहून दिलं. तशीच चिठ्ठी, तशीच सही. वनितानं ती सदाशिवजींच्या हातात जाताना पाहिली. मोठ्या आवाजाच्या माणसाचं गप्प होणं फार ऐकू येतं.

दुपारच्या एसटीनं परत निघालो. ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता. एका लांब उतारावर ड्रायव्हरनं गिअर काढला आणि बस मोकळी सोडली. ती आपल्या वजनानं घरंगळत निघाली, वेग घ्यायला लागली. मी नुसता बघत होतो. मोकळी गाडी उतारावर पळते. पळायलाच पाहिजे.

उतारावर सोडली तरी पळत नव्हती.

ती काय सांगत होती ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं, आणि त्याबरोबर डॉक्टरांचा चेहरा आठवला. गाडी पळत नव्हती, कारण पाय काढल्यावरही ब्रेक धरलेलाच होता. धरलेला होता, कारण तेल परत जात नव्हतं. परत जात नव्हतं, कारण भोकावर दट्ट्या बसला होता. आणि दट्ट्या तिथे मी बसवला होता.

पुढचं सगळं एका ओळीत लागलं. थंडीत हे निभावून गेलं होतं, एप्रिलच्या उन्हात निभावलं नाही. तीन तास लायनर ड्रमला घासत राहिले, चाकं भट्टीसारखी तापली. काळं, पाणी प्यायलेलं तेल. गाडी चालताना निदान वारा लागतो. ती घुबडासाठी थांबली तेव्हा तोही बंद झाला. दहा मिनिटांत चाकातलं तेल उकळलं, वाफेनं उरलेलं तेल त्या अर्धवट झाकलेल्या भोकातून हळूहळू वर डबीत ढकललं, आणि नळीत राहिली वाफ. मग उतार. सकाळपर्यंत सगळं थंड झालं, वाफेचं पाणी झालं, तेल जागेवर आलं, आणि मी पेडल दाबलं तर उंच, कडक, एकदम पक्कं. या दोषाची हीच खोडी. तो घडून गेला की आपल्या खुणा स्वतःच पुसतो.

घरी आलो. माझी बायको सुमन हिला चेहरा बघून कळतं, मला सांगावं लागत नाही. तरी सांगितलं. जेवता जेवता सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "आता बोललो तर तीस गाड्या जातात हातच्या. एवढ्या वर्षांचं नाव जाते."

ती वाढता वाढता थांबली. "थ्या पोरीचं नाव आज गेलं नं? थे कोण आणन परत?"

"मी नाही म्हणून राहिलो का?"

"मग चिठ्ठी तुमच्याच हातची आहे. तुम्हीच फाडा."

सकाळच्या पहिल्या एसटीनं निघालो. पिशवीत दोन पाने, एक बॅटरी आणि तेलाचा नवा डबा.

बैठक चिंचेखालीच होती. सतरंजीवर सदाशिवजी आणि बाकीचे. वनिता बाजूला आपल्या जीपच्या फूटबोर्डवर बसली होती. मला बघून तिनं तोंड फिरवलं. सदाशिवजी म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही काहून त्रास घेतला? चिठ्ठी आहे आमच्यापाशी."

"ती चिठ्ठी चुकीची आहे," मी म्हणालो. "तिच्या आधीचीही चुकीची होती."

मी उभ्या उभ्या सांगितलं. दांडीचं, भोकाचं, तेलाचं. अर्ध्यांना कळलं, अर्ध्यांना मी बाईला वाचवायला काहीतरी बनवून सांगतोय असं वाटलं. तोच कालचा हसणारा गाडीवाला म्हणाला, "काका, तुमी मोठ्या मनाचे, थे ठीक आहे. पण ब्रेक तर आम्ही सगळ्यायनं पाह्यला. चांगला आहे."

"थंडा आहे तोवर चांगला आहे," मी म्हणालो. "वनिता, गाडी काढ."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मी?"

"तुझीच आहे नं गाडी?"

गेटच्या बाहेर मातीचा एक रस्ता आहे, शेवटी हलका उतार, आणि उताराच्या खाली मोकळं शेत. मी तिच्या बाजूला बसलो. तिला सांगितलं, रस्त्यावर इकडून तिकडे चकरा मार, दर पन्नास हातांवर ब्रेक दाब. आम्ही अर्धा तास तेच करत राहिलो. गाडीवाले उभे राहून बघत होते. आधी हसत होते, मग हसणं थांबलं, कारण चाकांकडून जळका वास यायला लागला.

"आता जड झाली," वनिता म्हणाली. "अशीच झाली होती त्या दिवशी. अशीच."

"उतारावर घे. गिअर काढ. पाय ब्रेकवरून काढ. हात हँडब्रेकवर ठेव, पण ओढू नको."

तिनं पाय वर घेतले. सगळ्यांना दिसावेत म्हणून चक्क मांडी घातली सीटवर. जीप उतारावर उभी. गिअर नाही, हँडब्रेक नाही, पेडलवर पाय नाही, आणि गाडी हलत नाही. सदाशिवजी पुढे आले. त्यांनी मागून हातानं ढकलून पाहिलं. मग दोघांनी मिळून ढकललं. हलली नाही.

"आता तुम्ही बाजूला व्हा," मी म्हणालो आणि पेडलखाली डोकं घातलं. बॅटरी तोंडात धरली. दांडीचा नट सैल केला आणि दांडी आखूड करायला लागलो. एक आटा. दुसरा. वर डबीत तेल फसकन उसळलं आणि जीप सुटली. हळूच, पण सुटली. माझे पाय बाहेर लोंबकळत होते.

"धरू का, काका?" वनिता ओरडली.

"धर!"

तिनं हँडब्रेक ओढला आणि जीप चार हातांवर थांबली.

मी धूळ झटकत बाहेर आलो. सदाशिवजींनी खिशातून माझी चिठ्ठी काढली आणि माझ्यासमोर धरली. मी ती घेतली, फाडली आणि तुकडे खिशात ठेवले. मग ते वनिताकडे वळले. त्यांनी टोपी काढली. त्या माणसाला टोपीशिवाय मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"वनिताबाई, तुमी त्या दिवशी गेटवर सांगतलं होतं, गाडी जड आहे म्हणून. मी पण होतो तिथं. ऐकलं नाही."

"आता ऐकलं नं," ती म्हणाली. आणि मग तिचा आवाज परत आला. "तर मग उद्यापासून माहा नंबर पहिला लावा."

हसायला सगळे हसले, पण नंबर खरोखर पहिला लावला.

मी त्यानंतर चार दिवस पारशिवनीतच राहिलो. गेटवरची एक-एक जीप चिंचेखाली उचलली. आणखी तीन गाड्यांत तसंच निघालं. तिन्ही दांड्या माझ्याच हातच्या. घाईच्या दिवशी केलेली आडवाट एकदाच केलेली नसते, हे मला त्या चिंचेखाली कळलं. प्रत्येकीचं तेल बदललं, लायनर जवळ आणले, दांडीत अर्धं बोट ढील ठेवली. आजींना दवाखान्यात भेटून आलो. त्यांना खरं सांगितलं. त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाल्या, "त्या मुलीला सांगा, तिनं फार छान गाडी चालवली." माझ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. बरोबरच केलं.

काही गाडीवाले त्यानंतर दुसऱ्या मिस्त्रीकडे जायला लागले. त्यात माझी तक्रार नाही. पण वर्षभरात बरेच परत आले. त्यांच्यातल्या एकानं कारण सांगितलं : "तुमच्याकडून गेलेली गाडी बिघडली तर तुम्ही सांगता तरी." कोणाला ही स्तुती वाटणार नाही. मला मात्र चाळीस वर्षांत मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी. चिठ्ठ्या देणं मी बंद केलं. त्याऐवजी गाडी आणणाऱ्याला स्टुलावर बसवायचो, चहा द्यायचो आणि विचारायचो, काय होऊन राहिलं ते सुरुवातीपासून सांगा. पुष्कळ वेळ जायचा. पुष्कळ दोष त्या स्टुलावरच सापडले.

वनिताची गाडी तयार झाली त्या सकाळी ती म्हणाली, "काका, तुमी एवढ्या गाड्या केल्या. जंगलात कधी बसले का गाडीत?"

खरं सांगायचं तर कधीच नाही. गाड्या माझ्याकडे यायच्या, मी त्यांच्याकडे कधी गेलो नव्हतो.

तिनं मला पुढे बसवलं. तासभर फिरलो. मला मोर दिसले, हरणं दिसली, पण खरं म्हणजे मी चाकांचाच आवाज ऐकत होतो. मग तो नाला आला. वरून खालचे दगड दिसत होते, आणि डावीकडे दरडीवर जीप घासल्याची लांब, ताजी खूण. तिनं वरच गाडी थांबवली. मुद्दाम थांबवली, मला कळलं. इंजिन बंद केलं. सागाच्या झाडाकडे बघत दहा मिनिटं बसली. मीही बसलो.

मग तिनं गाडी सुरू केली आणि उतारावर सोडली.

जीप मोकळी सुटली, जशी सुटायला पाहिजे तशी. अर्ध्या उतारावर तिनं ब्रेक दाबला. गाडी थांबली. नाक खाली, सीटवरून पुढे घसरलेला मी, आणि खाली दगड. तिनं सोडला, गाडी सरकली. दाबला, थांबली. तीनदा तिनं असं केलं. मग ती माझ्या पायांकडे बघून हसायला लागली.

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय जीपच्या पत्र्यावर रेटलेला होता, जिथे काहीच नव्हतं तिथे, पोटरीत पेटका येईपर्यंत.

"काका, पाय उचला नं," वनिता म्हणाली. "ब्रेक माह्याकडे आहे."

मी पाय उचलला.